नावाच्या आधीचा शब्द

नोव्हेंबरच्या सुरुवातीला, सर्व संतांच्या शनिवारी, स्वीडनमधली माणसं आपल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावायला जातात. चार वाजून गेले की अंधार पडतो. आमच्या सोल्नाच्या उत्तर दफनभूमीत त्या संध्याकाळी झाडांखाली ज्योतीच ज्योती असतात आणि माणसं हळू आवाजात बोलत फिरतात. आल्फ्रेड नोबेल इथेच आहे, इन्ग्रिड बर्गमनही इथेच. माझं इथे कुणी नाही. पण घरापासून पायी वीस मिनिटांवर आहे, म्हणून दरवर्षी जाते.

इथल्या जुन्या दगडांवर नावाच्या आधी त्या माणसाचा व्यवसाय किंवा हुद्दा कोरलेला असतो. शेतकरी. कारखानदार. शाळामास्तर. जहाजाचा कप्तान. मी स्वीडिश शिकत होते तेव्हा हे दगड म्हणजे माझी शब्दांची वहीच होती. एकेक शब्द फोनमध्ये टिपायचा, घरी येऊन अर्थ शोधायचा. २०१३ सालच्या त्या शनिवारी एका दगडावर नावाच्या वर एक शब्द दिसला, होव्हसोंगारे. होव्ह म्हणजे राजदरबार आणि सोंगारे म्हणजे गायक. मराठी कानाला आधी ‘सोंग’च ऐकू आलं. तेही अगदीच चूक नव्हतं, कारण तो गाणारा माणूस आयुष्यभर रंगभूमीवर सोंगं घेऊनच गायला असणार. पण दरबारी गायक? स्वीडनमध्ये? ज्या देशात मी माझ्या ऑफिसातल्या सर्वांत वरच्या साहेबांना पहिल्या नावाने हाक मारते, तिथे?

आमच्या वरच्या मजल्यावर एक बाई राहायच्या. वय पंचाहत्तर, सरळ पाठ, लिफ्ट कधी वापरायच्या नाहीत. जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांना दगडाचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, “उद्या वर कॉफीला ये. हे जिन्यात सांगायचं नाही.”

त्यानंतर आठ-नऊ वर्षं मी त्यांच्याकडे कॉफीला जात होते. त्या तीस वर्षं स्टॉकहोमच्या शाही ऑपेरात गात होत्या, कोरसमध्ये. आल्टो, म्हणजे बायकांच्या आवाजातली खालची पट्टी.

इथे एक सांगायला हवं. मी मिरजेची. वडील शाळेत गाणं शिकवायचे. आईच्या वयाच्या बाईंना तोंडावर ‘तू’ म्हणणं मला फार जड गेलं. स्वीडिशमध्ये सगळ्यांना ‘दू’, म्हणजे तू. पण हे आधीपासून असं नव्हतं. साठच्या दशकापर्यंत इथे जवळचं नातं नसेल तर समोरच्या माणसाला सर्वनामाने हाक मारणंच असभ्य होतं. हुद्द्याने बोलायचं, तेही तिसऱ्या पुरुषात. “डॉक्टर कॉफी घेणार का?” हे डॉक्टरांनाच विचारायचं. टेलिफोनच्या पुस्तकात नावाशेजारी व्यवसाय छापलेला असायचा. मग १९६७ मध्ये इथल्या सरकारी वैद्यकीय खात्याचे नवे प्रमुख ब्रूर रेक्सेड यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना सांगितलं की मी इथे प्रत्येकाला ‘दू’ म्हणणार. बदलाचं वारं आधीच वाहत होतं, त्यांच्या नावाने ते ओळखलं जाऊ लागलं इतकंच. काही वर्षांत देशभरातले हुद्दे बोलण्यातून गळून पडले. बाई म्हणाल्या, त्यांच्या आईला शेवटपर्यंत ते जमलं नाही. मी म्हटलं, मलाही जमत नाही. तेव्हापासून मी मराठीत विचार करताना त्यांना ‘त्या’ आणि तोंडावर ‘दू’, असं दुहेरी चाललं.

हुद्दे सोडून दिलेल्या या देशाने हा एक शब्द मात्र ठेवला. अजूनही राजा तो देतो. पुरुषाला होव्हसोंगारे, स्त्रीला होव्हसोंगेश्का. त्याबरोबर पगार नाही, जमीन नाही, दरबारात जाऊन गाण्याची सक्तीही नाही. ज्यांच्या गाण्याने स्वीडनच्या गायकीचं नाव झालं, जगभर झालं, अशा बहुतेक करून ऑपेराच्या गायकांना तो मिळतो. अर्ज करून मिळत नाही आणि आपला आपण लावता येत नाही.

हे शेवटचं वाक्य बाईंनी सहज म्हटलं आणि मला माझे वडील आठवले. एका वर्षी गणेशोत्सवातल्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर मंडळाने त्यांच्या नावाआधी ‘पंडित’ छापलं. दीडशे पत्रिका होत्या. वडिलांनी सगळ्या घरी आणवल्या आणि जेवणं झाल्यावर आम्हा दोघी बहिणींना घेऊन, निळ्या बॉलपेनने, एकेक करून ते ‘पंडित’ खोडलं. रात्रीचा एक वाजला. “कुणी दिलं नाही तर ते आपलं नाही,” एवढंच म्हणाले. ज्या गावात अब्दुल करीम खाँसाहेब राहिले त्या गावात असला शब्द असा वाटायचा नसतो, हे त्यांचं ठाम मत होतं. आज एकेका जाहिरातीवर चार-चार पंडित आणि दोन विदुषी दिसतात. ते शब्द त्यांना कुणी, केव्हा, कशासाठी दिले, हे विचारणारं कुणी उरलेलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कित्येकांची योग्यता असते. पण देणारा हरवला की मिळालेल्यालाही त्यातलं काही मिळत नाही.

इथे देणारा पहिला राजा होता गुस्ताव तिसरा. १७७१ मध्ये गादीवर आला आणि आल्या आल्या त्याने दरबारातली फ्रेंच नाटकमंडळी बंद केली. त्याच वर्षी संगीताची शाही अकादमी स्थापन झाली. स्वतः फ्रेंच संस्कृतीत वाढलेला हा राजा, पण त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती, ऑपेरा स्वीडिश भाषेत व्हायला हवा. स्वीडिशमध्ये गाता येतं का, ही भाषा गळ्याला सोसते का, अशी शंका असण्याचा तो काळ होता. १८ जानेवारी १७७३ ला स्टॉकहोमच्या बोल्हूसेत नावाच्या थिएटरात ‘थेटिस आणि पेलेउस’ हा ऑपेरा झाला. संगीत इटालियन उत्तिनीचं, शब्द स्वीडिश, आणि कथेचा आराखडा खुद्द राजाचा. थेटिसची भूमिका एलिसाबेथ ओलिन यांनी केली. त्याच वर्षी त्या पहिल्या होव्हसोंगेश्का झाल्या.

पहिला मान बाईला मिळाला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एलिसाबेथ तेव्हा बत्तीस वर्षांच्या होत्या. त्यांची आई त्याच बोल्हूसेतच्या रंगमंचावरची नटी. त्या स्वतःही लहानपणी तिथे गायल्या होत्या. मग एका सरकारी अधिकाऱ्याशी लग्न झालं, मुलंबाळं झाली. प्रतिष्ठित घरातल्या बाईने तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर उभं राहणं तेव्हा तिथेही बरं समजलं जात नव्हतं. आपल्याकडे नाटकात बायकांची कामं पुरुष करत होते ते काही उगीच नाही. अशा वेळी राजाने दिलेला ‘दरबारी’ हा शब्द म्हणजे नुसता मान नव्हता, ते संरक्षण होतं. ही बाई कुणाच्या शब्दावर उभी आहे, ते त्यात सांगितलेलं होतं. १७८२ मध्ये त्या संगीत अकादमीच्या सदस्य झाल्या, तिथेही पहिली स्त्री त्याच.

त्याच १७८२ मध्ये राजवाड्यासमोर, मधला प्रवाह ओलांडला की लगेच, गुस्तावने ऑपेरासाठी स्वतंत्र इमारत उभी केली. दहा वर्षांनी, १६ मार्च १७९२ च्या रात्री, त्याच इमारतीत मुखवट्यांच्या नाचात त्याच्या पाठीत गोळी घातली गेली आणि तेरा दिवसांनी तो गेला. त्या घटनेवर व्हेर्दीने ऑपेरा लिहिला, तेव्हा सेन्सॉरच्या भीतीने स्टॉकहोमचं बॉस्टन करावं लागलं. ती इमारत आणखी शंभर वर्षं वापरात होती. १८९२ मध्ये ती पाडली आणि त्याच जागी १८९८ मध्ये आजचं ऑपेराघर उघडलं. बाई तिथेच गायल्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला मध्यंतरात सोनेरी दालनात नेलं आणि छताकडे बोट दाखवून म्हणाल्या, “हे कार्ल लार्शनने रंगवलंय. आम्हा कोरसवाल्यांना हे बघायला वेळच नसायचा. मध्यंतरात आम्ही कपडे बदलत असायचो.”

येनी लिंड हे नाव स्वीडनबाहेरही माहीत आहे. पण त्यांच्या आयुष्यातला मला सर्वांत जवळचा वाटणारा भाग फारसा सांगितला जात नाही. लग्नाशिवाय झालेली मुलगी, हलाखीचं घर, नवव्या वर्षी शाही थिएटरच्या शाळेत दाखल. ७ मार्च १८३८ ला, सतराव्या वर्षी, वेबरच्या ‘फ्रायशुट्झ’ या ऑपेरात आगाथेची भूमिका केली आणि एका रात्रीत शहराची लाडकी झाली. १८४० मध्ये होव्हसोंगेश्का. तेव्हा राजा होता चौदावा कार्ल योहान, मूळचा फ्रेंच सेनापती बर्नादोत, ज्याला आयुष्यभर स्वीडिश बोलता आलं नाही. स्वीडिश गायिकेला दरबारी गायिका म्हणणाऱ्या राजाला तिच्या गाण्यातले शब्द कळत नव्हते. सूर कळले असणार.

आणि तेव्हाच तिचा आवाज मोडत आला होता. इतक्या लहान वयात इतक्या भूमिका, आणि गळ्याला नीट शिकवण नाही. १८४१ मध्ये ती पॅरिसला मानुएल गार्सिया या गुरूकडे गेली. त्यांनी ऐकलं आणि सांगितलं की आधी गाणं बंद. काही आठवडे बोलणंसुद्धा कमीत कमी. त्यानंतर पुन्हा पहिल्यापासून, स्वर कसा लावायचा, श्वास कुठे घ्यायचा, अगदी बाळबोध. ज्या मुलीला राजाने मान दिला होता ती परक्या शहरात, भाड्याच्या खोलीत, एकेक स्वर घासत बसली. मी मिरजेत गाणं शिकत असताना पंधराव्या वर्षी माझा आवाज असाच बसला होता आणि वडिलांनी दोन महिने फक्त तंबोरा जुळवायला लावला होता. मी रोज रडायचे. म्हणून येनीच्या त्या दिवसांबद्दल वाचताना मला तिच्या अमेरिकेच्या दौऱ्यापेक्षा हेच मोठं वाटतं. १८५० मध्ये खेळ-जलसे भरवणाऱ्या अमेरिकन बार्नमने तिला अमेरिकेत नेलं, त्याच्यासाठी तिने ९३ कार्यक्रम केले, आणि मिळालेल्या पैशांतला मोठा भाग दान केला, मुख्यतः स्वीडनमधल्या मोफत शाळांसाठी. पण त्या कार्यक्रमांतला आवाज १८४० चा नव्हता. गप्प राहून, नव्याने कमावलेला होता. मान आधी मिळाला, तो मागाहून सिद्ध करावा लागला.

बाईंच्या टेबलाच्या खणात येनी लिंडची एक नोट होती. १९९६ पासून पन्नास क्रोनरच्या नोटेवर तिचं चित्र होतं, आणि मागे नीकेलहार्पा हे वाद्य. गजाने वाजवायचं, पण बोटांऐवजी लाकडी पट्ट्या दाबायच्या. मी नोट उलटी केली आणि हातातच धरून बसले. त्या वाद्याला वाजवायच्या तारांच्या खाली आपोआप घुमणाऱ्या तारा असतात. आमच्या मिरजेत सतारीला लावतात त्या तरफा! बाईंना मी कागदावर सतार काढून दाखवली, तरफांची खुंटी कुठे असते ते दाखवलं. त्या दिवशी कॉफी दोनदा झाली. जून २०१६ अखेर ती नोट चलनातून बाद झाली. बाईंनी ती बदलून घेतली नाही, मला दिली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पाचशेची नवी नोट आली, तिच्यावर बिर्गिट निल्सोन. इथे रोख पैसा कुणी वापरत नाही, पाचशेची नोट हातात पडणं दुर्मीळ. बाईंनी मुद्दाम यंत्रातून काढून आणली आणि मला दाखवताना त्यांचा आवाज बदलला. या नोटेवरच्या बाईंच्या मागे उभं राहून त्या गायल्या होत्या.

बिर्गिट दक्षिणेकडच्या स्कोने भागातल्या शेतकऱ्याची एकुलती एक मुलगी. बीटची विरळणी, गाईंची धार, सगळं केलेलं. वडिलांची इच्छा मुलीने शेत सांभाळावं. ती स्टॉकहोमला शिकायला आली, आणि १९४६ मध्ये ऐन वेळी दुसरी गायिका आजारी पडल्यामुळे तीन दिवसांत भूमिका तयार करून ऑपेराच्या मंचावर उभी राहिली. भूमिका कोणती? आगाथे. येनी लिंडची तीच आगाथे, एकशे आठ वर्षांनी. १९५४ मध्ये होव्हसोंगेश्का. हे साल नीट पाहायला हवं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात तिने वाग्नरची इसोल्ड गायली आणि दुसऱ्या दिवशी जगभर नाव झालं, ते डिसेंबर १९५९ मध्ये. म्हणजे स्टॉकहोमने न्यूयॉर्कची वाट पाहिली नाही. नंतर ऑस्ट्रियानेही तिला त्यांची ‘कामरझेंगरिन’ केली, जर्मन भाषेच्या मुलखातला तसाच मान. पण घरचा शब्द न्यूयॉर्कच्याही पाच वर्षं आधी मिळालेला होता.

“तो आवाज कसा होता?” मी विचारलं. तबकडीवर ऐकला होता, पण तबकडी म्हणजे तबकडी.

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मोठा नव्हता. म्हणजे जवळून मोठा वाटायचा नाही. आम्ही तिच्या मागे सात-आठ पावलांवर असायचो. तिथे नुसता स्वच्छ वाटायचा, चाकूच्या पात्यासारखा. मोठा तो प्रेक्षागृहात व्हायचा, शेवटच्या रांगेत. माझी आई वर गॅलरीत बसायची, ती सांगायची.”

लांब पोचणाऱ्या आवाजाबद्दल वडीलही हेच सांगायचे. घशाशी मोठा असतो तो लांब जात नाही.

२००५ च्या नाताळात बिर्गिट गेली. आपल्या गावच्या, वेस्त्रा कारूपच्या चर्चच्या आवारात तिचं थडगं आहे. तिने मागे ठेवलेल्या पैशांतून दहा लाख डॉलरचं पारितोषिक सुरू झालं आणि पहिला मानकरी कोण हे ती बंद पाकिटात लिहून गेली होती. २००९ मध्ये कळलं, गायक प्लासिदो दोमिंगो. २०१८ मध्ये ते नीना स्टेमे यांना मिळालं. त्या २००६ पासूनच्या होव्हसोंगेश्का, बिर्गिटच्याच वाटेने इसोल्ड गाणाऱ्या. त्यांना ते राजाच्या हस्ते, ऑपेराघरातच दिलं गेलं. तो समारंभ आम्ही दोघींनी बाईंच्या सोफ्यावर बसून टीव्हीवर पाहिला. राजा आत आला तेव्हा बाई बसल्या जागी ताठ झाल्या.

पुरुषांमध्ये बाईंचा जीव युसी ब्यॉर्लिंगवर. वडील आणि भावांबरोबर लहानपणापासून चौकडीत गाणारा मुलगा, आठव्या-नवव्या वर्षी अमेरिकेचा दौरा केलेला. १९३८ मध्ये मेट्रोपॉलिटनला ‘ला बोएम’ या ऑपेरातला रोदोल्फो. होव्हसोंगारे १९४४ मध्ये, पाचव्या गुस्तावच्या हातून, महायुद्ध चालू असताना. हृदय कमजोर होतं. मार्च १९६० मध्ये लंडनला ‘ला बोएम’च्याच प्रयोगाआधी झटका आला, तरी पूर्ण गायला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेला, एकोणपन्नासाव्या वर्षी. बाई १९६१ मध्ये कोरसमध्ये लागल्या. “एक वर्ष,” त्या बोटाने दाखवायच्या. “एका वर्षाने चुकला.” साठ वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतानाही त्यांचे डोळे भरायचे.

निकोलाई गेडा मात्र त्यांना मिळाला. गरिबीत जन्मलेला, आत्याने आणि तिच्या रशियन नवऱ्याने वाढवलेला. तो नवरा डॉन कोसॅक गायकमंडळीत गाणारा. मोठेपणी हा स्टॉकहोमच्या बँकेत खिडकीवर बसायचा. एका गिऱ्हाइकाशी बोलता बोलता गाण्याचा शिक्षक हवा असल्याचं निघालं, त्या माणसाने कार्ल मार्टिन ओमन यांचं नाव दिलं. १९५२ मध्ये पहिला प्रयोग, १९६५ मध्ये होव्हसोंगारे. शेतकऱ्याची मुलगी, बँकेतला कारकून, लग्नाशिवाय झालेली मुलगी, फिरत्या चौकडीतला पोर. दरबाराशी जन्माने संबंध असलेलं यात कुणीच नाही.

अलीकडच्या नावांत मालेना एर्नमन आहेत. २००९ मध्ये त्या युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्याच्या स्पर्धेला स्वीडनतर्फे गेल्या, पॉपच्या ठेक्यात ऑपेराची तान घेऊन, आणि २०११ मध्ये होव्हसोंगेश्का झाल्या. माझ्या मुलीला त्या ग्रेटा थुनबर्गची आई म्हणून माहीत. बाईंना ते गाणं आवडलं नव्हतं, मान आवडला होता.

एक गोष्ट मला बरीच वर्षं कोड्यात टाकत होती. १९७५ पासून नवी राज्यघटना लागू झाली आणि राजाकडे राज्यकारभारातलं जवळजवळ काहीच उरलं नाही. पंतप्रधान नेमणंही नाही. त्याच सुमारास जुने शाही किताब, ध्रुवताऱ्याचा, व्हासाचा, स्वीडिश नागरिकांना देणं थांबलं. ते पुन्हा सुरू झाले ते थेट २०२३ मध्ये. मधली अठ्ठेचाळीस वर्षं सेनापतींना नाही, उद्योगपतींना नाही, पण गायकांना राजा होव्हसोंगारे म्हणत राहिला. बाईंना विचारलं, याला कुणी आक्षेप घेतला नाही का? त्यांना प्रश्नच कळला नाही. “पण गाणं तर चालूच होतं ना,” म्हणाल्या.

मग मी धीर करून दुसरं विचारलं. तीस वर्षं गायलात, तुम्हाला काय मिळालं?

“पेन्शन,” त्या म्हणाल्या. आणि उठून आतून एक फाइल आणली. कोरसच्या जुन्या छपाईच्या स्वरलिप्या होत्या, फक्त आल्टोच्या, पेन्सिलीने खुणा केलेल्या. कुठे श्वास घ्यायचा, कुठे दिग्दर्शकाकडे बघायचं, कुठे डावीकडे दोन पावलं. त्यातलं एक पान ‘फ्रायशुट्झ’च्या शेवटच्या कोरसचं. “आगाथे बरी होते ना शेवटी, तेव्हा आम्ही सगळे गातो,” म्हणाल्या आणि मला ती ओळ शिकवायला लागल्या. मी सरगम लिहून घेतली. त्यांना सरगम म्हणजे काय ते माहीत नव्हतं, मला त्यांची पट्टी माहीत नव्हती, पण तीन रविवारांत ओळ बसली. आल्टोची ओळ एकटी म्हटली तर चाल वाटतच नाही. एकाच स्वरावर बराच वेळ थांबायचं, मग अर्ध्या पावलाने खाली, पुन्हा वर. बाकीचे आवाज डोक्यात ऐकत म्हणायची असते. आमच्याकडे तंबोऱ्याच्या खर्जावर कुणी लक्ष देत नाही, पण तो थांबला की गाणाऱ्याला कळतं. तसं काहीसं.

२०२२ च्या उन्हाळ्यात बाई गेल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. शेवटचे दोन महिने लिफ्ट वापरावी लागली, याचं त्यांना फार वाटायचं. वर्तमानपत्रात त्यांच्या भाचीने दिलेली छोटी बातमी आली. त्यात नाव होतं, दोन तारखा होत्या, आणि फुलांऐवजी संगीतशाळेला देणगी द्यावी अशी विनंती.

थडगं नाही. त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं की स्मृतिवनात ठेवा. इथे प्रत्येक मोठ्या दफनभूमीत असं एक वन असतं. रक्षा तिथल्या मातीत मिसळतात, नेमकी कुठे ते घरच्यांनाही सांगत नाहीत, त्या वेळी कुणाला हजरही राहू देत नाहीत. दगड नसतो, म्हणून नावही नसतं. सगळ्यांसाठी मिळून एकच जागा असते, मेणबत्त्या आणि फुलं ठेवायला.

त्या नोव्हेंबरात मी गेले. होव्हसोंगारेचा दगड वाटेतच लागतो, तिथे कुणीतरी आधीच दोन दिवे ठेवले होते. स्मृतिवनात गर्दी होती. वारा सुटला होता. माझी मेणबत्ती दोनदा विझली, शेजारच्या माणसाने न विचारता आपली पुढे केली. पेटल्यावर मी बाजूला झाले, पाकिटातली पन्नासाची नोट चाचपली, आणि ती ओळ म्हटली. हळू, खालच्या पट्टीत. शेजारचा माणूस वळून बघत होता. त्याला चाल ओळखू येणं शक्यच नव्हतं.